बाबांचा ‘टू’

कुणी ‘टू मच’ म्हणालं की मला अजूनही आमच्या आर्णीच्या दुकानातल्या वार्निशचा वास येतो. बाबा मोटार वाइंडिंग करायचे आणि इंग्रजीतल्या एकाच शब्दावर त्यांचा जीव होता. ऊन टू, चहा टू बेस्ट, शेजारी टू शहाणा. ‘व्हेरी’ त्यांना मिळमिळीत वाटायचं. ‘टू म्हणजे गरजेपेक्षा जास्त’ हे शाळेत शिकलेलं मी सांगायला गेले, तर म्हणाले, "मंग? जास्तच सांगून राह्यलो नं!"

ताईला बघायला पुसदचे पाहुणे आले. मुलगा शाळेत इंग्रजी शिकवायचा. एका लग्नात दोघं बोलले होते आणि ताईला तो मनापासून आवडला होता. हे फक्त मला ठाऊक होतं.

पोहे झाले. बाबांना काय चेव आला कुणास ठाऊक, म्हणाले, "आमची पोरगी टू हुशार आहे."

मुलाचे मामा मिशीत हसले. "टू म्हणजे नको तितकी! तेवढी आमाले नाही पायजे बा."

सगळे खो खो हसले. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्या मामाच्या हातातली पोह्यांची बशी हिसकावून घ्यावी, असा मला राग आला.

ताई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. "बाबा बरोबर बोलले," ती म्हणाली. "बेताचीच हुशार पायजे असन, तं आत्ताच सांगून द्या."

गेला हातातोंडाशी आलेला घास, मी मनात म्हटलं.  मामांकडे न बघता मुलगा बाबांना म्हणाला, "काका, मले टूच पायजे."

पाहुणे गेल्यावर बाबा दारापुढच्या ओट्यावर बसून राहिले. आईनं विचारलं, "खूश आहा नं?"

आमच्या बोलीत ‘व्हेरी’ काय नि ‘टू’ काय, दोन्हींना ‘लय’च म्हणतात. कुठला ते आवाजावरून ओळखायचं.

"लय," बाबा म्हणाले. मग आत ताईकडे बघून, "घर लय शांत होऊन जाईन."

पहिला लय व्हेरीचा होता. दुसरा कुठला, ते आईला बरोबर कळलं. ती त्यांच्याजवळ ओट्यावर बसली.