कीबोर्डवरचा रुमाल

वाचनालयात मोठ्यानं बोलायचं नाही, त्यामुळे दिवसभराचे किस्से साठत जातात आणि कुलूप लावल्यावर समोरच्या चहाच्या गाडीवर बाहेर पडतात. मी वाचनालयातला मदतनीस. तिथंही फारसा बोलत नाही, म्हणून लिहून काढतोय.

उंब्रजजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयानं ई-पुस्तकं घ्यायचं ठरवलं. ती सांभाळायला सॉफ्टवेअर हवं. ग्रंथपाल जाधव मॅडमनी तीन शोधली. अध्यक्ष आबा म्हणजे निवृत्त सुभेदार. ते म्हणाले, "महिनाभर वापरून बघा. वाचक दिसलं न्हाईत, तर कॉम्प्युटरची खोली तालमीला दिली."

*

पहिलं सॉफ्टवेअर फुकट होतं. त्यामागं कंपनी नाही, ठिकठिकाणची माणसं मिळून ते बनवतात, असं मॅडमनी सांगितलं.

"मग बिघडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या?" आबांनी विचारलं.

"मला द्या."

"आवं, तुमाला कशा देणार?"

ते तिथंच बाद झालं.

*

दुसऱ्यात घेतलेलं पुस्तक आठवड्यानं मोबाइलमधून आपोआप परत जायचं. आठवडा झाला आणि सुमनकाकू मोबाइल घेऊन काउंटरवर आल्या.

"काकू, पुस्तक आपोआप जमा होतं. यायची गरज नाही," मी म्हणालो.

"न विचारता न्हेलं व्हय? माजी चार पानं ऱ्हायल्याती."

संध्याकाळपर्यंत त्यांच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांनी ते सॉफ्टवेअर मोबाइलमधून काढून टाकलं.

*

तिसरं वाचनालयातच वापरायचं होतं, आणि एका वेळी चौघांनाच. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसंच पोरांनी केलं. सकाळी लॉगिन करायचं, कीबोर्डवर रुमाल टाकायचा आणि क्लासला जायचं. बराच वेळ हात लागला नाही की सॉफ्टवेअर त्यांना बाहेर काढायचं. म्हणून जो खोलीत येईल त्यानं चारही माऊस हलवून जायचं, असं ठरलं.

मॅडम त्या पोरांतल्या अक्षयला म्हणाल्या, "अरे, वाचायला कधी बसणार?"

"बसू की मॅडम. जागा तर हाय."

*

महिना संपला आणि भर दुपारी आबा न सांगता आले. चार कॉम्प्युटर, तीन रुमाल, एक कापडी पिशवी. माणूस एकही नाही. मॅडम दारातच थांबल्या.

आबांनी पिशवीकडं बोट केलं. "ही कुणाची रं?"

"सुमनकाकूंची," मी म्हणालो. "भाकऱ्या टाकून येते म्हणाल्या. चार पानं राहिलीत."

तेवढ्यात कडेच्या स्क्रीनवर 'वेळ संपत आली आहे' असं आलं. आबा पुढं झाले. त्यांनी तो माऊस हलवला. मग बाकीचे तीनही हलवले.

जाता जाता म्हणाले, "मॅडम, तालमीला दुसरी खोली बघतो. हितं जागाच न्हाई."