आईचे दोरे आणि न वाचलेली राणी

मी पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा आई रडली नाही. अकोल्याच्या बसस्टँडवर अमरावतीची गाडी लागली होती, मी कॉलेजसाठी निघाले होते, आणि ही बाई खिडकीतून माझ्या हातात एक कादंबरी कोंबत होती. पुस्तकाच्या मधोमध हार ओवायचा पांढरा दोरा लोंबत होता. "मी इथलोक वाचलं," ती म्हणाली. "पुढं काय होते ते सांगजो. अन् पुस्तक परत आनजो, लायब्ररीचं हाय." लोकांच्या आया डबा देतात, डोळे पुसतात. माझी आई लायब्ररीचं पुस्तक देते, याचा मला बडनेरा येईपर्यंत राग होता. मग मी ते उघडलं.

अमरावती काही परदेश नाही. पण घर सोडलेल्या माणसाला अंतर किलोमीटरमध्ये कळत नाही, हे माझ्यासारखं बाहेर पडलेल्या सगळ्यांना माहीत आहे. पुढे नोकरी लागून पुण्याला आले आणि इथेच राहिले. पुस्तकांची ये-जा तेवढी थांबली नाही. मी नवं पुस्तक घ्यायचं, वाचायचं, आणि अकोल्याच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे द्यायचं. महिन्याभरात ते मुंगवड्यांच्या पिशवीतून परत यायचं, आणि मग आम्ही फोनवर त्याचा निकाल लावायचो.

आमचं फुलांचं दुकान देवळासमोर आहे. दुकान म्हणजे एक बाकडं आणि वर ताडपत्री. बाबा गावाबाहेरच्या मळ्यात झेंडू, शेवंती, गलांडा पिकवतात. आई हार ओवते आणि विकते. सातवी शिकलेली आई दोन गिऱ्हाइकांच्या मधे वाचते. कुणी आलं की हाताशी असलेला दोरा पानात टाकायचा आणि उठायचं. परत बसली की जुना दोरा काढायचा नाही. त्यामुळे माझी पुस्तकं परत यायची ती वीस-पंचवीस दोरे घेऊन. त्यावरून मला सगळं कळायचं. दर दोन पानांवर दोरा असेल तर तो सणाचा दिवस, नाहीतर पुस्तक रटाळ. आणि दोन दोऱ्यांत साठ पानांचं अंतर असेल तर तिथे गिऱ्हाईक नक्की परत गेलेलं आहे.

गेल्या वर्षभरात आम्ही बरंच वाचलं. एका रहस्यकथेतला खुनी आईने चाळिसाव्या पानावर पकडला. "तो डॉक्टर. बिनाकामाचा दर पानावर चहा प्यायले येते." मला तो शेवटून दुसऱ्या पानापर्यंत निरागस वाटत होता. पहाटे पाचला उठलं की आयुष्य बदलतं, असं सांगणारं एक पुस्तक मला ऑफिसात बक्षीस मिळालं होतं, ते मी मुद्दाम पाठवलं. आईचं मत : "मी तं साडेतीनले उठते. त्या बाबूले म्हना, दीड तास उशीर झाला तुले." एक कवितासंग्रह मला फार आवडला होता. ती काय म्हणेल याची मला धास्तीच होती. "लय जागा रिकामी सोडते हा मानूस," ती म्हणाली. "पन जेवढं लिवलं तेवढं खरं हाय." दोन दिवस मी खुशीत होते.

मग एक अनुवादित कादंबरी. बर्फाच्या प्रदेशात एक विधुर राहतो आणि दोनशे पानं कुणाशी धड बोलत नाही. मी ती चाळून पाठवली. परत आली तेव्हा तिच्यात दोनच दोरे होते, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. आईने फोनवर विचारलं, "मानूस असा एकटा राहू शकते काय? तू तं नाई ना राहत तशी?" मी वन बीएचकेमध्ये एकटीच, कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी होते. नाही म्हटलं.

चाळून पाठवली, हे मी लिहून गेले खरी. तेव्हा माझं वाचन सुटत चाललं होतं. दिवसभर लॅपटॉप, संध्याकाळी मोबाइल. पुस्तक घ्यायचे, मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचायचे, नेटवर चार जणांची मतं बघायचे आणि पार्सल करायचे. आईला सांगितलं नाही. अशातच मी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी पाठवली. कव्हरवर घोड्यावर बसलेली राणी. मी नऊ पानं वाचून सोडली होती.

महिन्याभराने फोन झाला. "शेवट काय लिहिलाय ना," मी म्हणाले. "हाव बापा. त्या रानीचं तं मले वाचल्याच नाई गेलं. भल्लं रडू आलं." मग त्या राणीच्या नशिबावर, तिच्या सासरच्यांवर आणि एकूणच पुरुषांवर आम्ही अर्धा तास बोललो.

दोन दिवसांनी पुस्तक आलं. त्यात एकही दोरा नव्हता. मी पानं उलटत शेवटाला पोचले, तर शेवटची सोळा पानं शिवणकामाच्या पुस्तकाची. बांधणीत चूक झालेली. राणीच्या जागी ब्लाउज कसा बेतायचा ते आकृत्यांसह दिलेलं. ज्या शेवटावर आम्ही हळहळलो तो त्या पुस्तकात नव्हताच.

आधी मला हसू आलं. मग भीती वाटली. मी खोटं बोलले, ठीक आहे, माझा तो रोजचा धंदा आहे. पण आई कालची फुलंसुद्धा आजची म्हणून विकत नाही. ती का खोटं बोलली? मी रजा टाकली आणि गाडीत बसले.

दुकानात पोचले तेव्हा शेजारच्या नारळवाल्या शोभाकाकू आईच्या सुया ओवून देत होत्या. दहा-बारा सुया दोरे लावून ओळीने झेंडूच्या पाटीवर ठेवलेल्या. मी पुस्तक उघडून आईच्या मांडीवर ठेवलं. "हे कशाचं चित्र आहे, सांग." तिने पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं, उन्हाकडे वळवलं. "किल्ल्याचा नकाशा हाय," ती ठामपणे म्हणाली.

"ब्लाउजची बाही आहे, आई."

तिने खाली मान घालून चाचपत पुढचं फूल ओवलं. "धुकं दिसते," म्हणाली. "दिवाईपासून."

"मंग सांगतलं काहून नाई?" माझी पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली.

"सांगतलं असतं तं तू पुस्तकं धाडनं बंद केलं असतं. मंग फोनवर काय बोलाव? जेवली काय, जेवली. पानी आलं काय, आलं. झालं." आणि एकदम वर बघून म्हणाली, "पन तू तं वाचलं होतं ना? तुले नाई समजलं काय?"

मला खोटं सुचेना. "मीही नाही वाचलं," मी म्हणाले.

शोभाकाकूंना नारळ हातात धरवेना इतकं हसू आलं. आईही हसली, पदराने डोळे पुसत हसली. मग शांत होऊन म्हणाली, "मले तं दिसत नव्हतं. तुले काय झालं?"

मी पाटीवरची एक सुई उचलली आणि तिच्याशेजारी हार ओवायला बसले.

मामा अमरावतीत राहतो, म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथेच केलं. आधी एक डोळा, पुढच्या महिन्यात दुसरा. पट्टी असताना मी मामाच्या घरी तिला राणी वाचून दाखवायला घेतली. बाराव्या पानावर आई म्हणाली, "थांब. बेकार हाय." उशाखालून दोरा काढून तिने माझ्यापुढे धरला. मी तो बाराव्या पानावर ठेवला आणि लाजत लाजत माझा एक नवव्या पानावर.

ते पुस्तक आता पुण्यात माझ्या टेबलावर आहे. पार्सलं पूर्वीपेक्षा कमी जातात, पण त्यांतलं प्रत्येक पुस्तक मी वाचलेलं असतं. आईला आता स्वच्छ दिसतं आणि दोरे परत येऊ लागलेत. तरी एखाद्या महिन्यात जमत नाही. ऑफिसात मला सगळं काम झालेलंच दाखवावं लागतं, मैत्रिणींत सगळं पाहिलेलं आणि वाचलेलं असावं लागतं. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी अकोला म्हणते आणि पुढचं सांगत बसत नाही. पुढचं इतकंच आहे की तिथे फोन लावून मी म्हणू शकते, "आई, या महिन्यात काहीच वाचलं नाही गं."

"मी बी नाई," ती म्हणते. "बोल."