पूर्वेकडच्या पट्टीचा दावा

मंदिर चालवायचं म्हणजे गाणी म्हणायची आणि घंटा वाजवायची, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक वर्ष ख्रिस्ती मंडळीचं चिटणीसपद करून बघावं. किस्से गोळा करावे लागत नाहीत, दारात येऊन बसतात. मी नगरला शाळामास्तर, आणि लढाईच्या दिवसांत आमच्या मोठ्या ख्रिस्तमंदिराचा चिटणीस. बाहेरगावचे लोक त्याला कौतुकानं कॅथीड्रल म्हणायचे. इथं कौलं चाळायलाही पैसे नसायचे. ते दिवस आठवले की अजून माझं डोकं तापतं.

*

शेजारी एका शेठची लाकडाची वखार. माल वाढला तशी त्यानं लाकडं आमच्या आवारातल्या पूर्वेकडच्या जमिनीच्या पट्टीत सरकवली. मंदिराचे जुने धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, म्हणाले, शेजारधर्म आहे, राहू द्या. पुढं त्याच शेठनं दावा लावला की बारा वर्षं जागा माझ्या ताब्यात आहे, म्हणून ती माझी. आणि आमची विहीर त्याच पट्टीत! आवारातली सगळी कुटुंबं त्या पाण्यावर जगत होती. बोट दिलं तर हात धरायचा, तो असा.

*

जागेचे कागद मिशनकडे, मिशन साता समुद्रापलीकडे आणि मध्ये लढाई. कागद मागवायला मी पत्र टाकलं. पाच महिन्यांनी उत्तर आलं, की मंडळी आता स्वतंत्र झाली याचा आनंद वाटतो, तुमच्या खटल्यासाठी आम्ही रोज प्रार्थना करतो. मी पाकीट उलटं करून झटकलं. आत दुसरा कपटासुद्धा नव्हता.

*

त्यातच नगरपालिकेनं घरपट्टी पाठवली. प्रार्थनेच्या जागेला माफी असते, म्हणून मी तणतणत कचेरीत गेलो. तिथला कारकून पानाला चुना लावत म्हणाला, "मास्तर, प्रार्थना रविवारची. बाकी सहा दिवसांचं काय?"

मी विचारलं, मग तुमची कचेरी रविवारी बंद, त्या दिवसाचा पगार तुम्ही परत करता का? सगळे हसले, कारकूनही हसला. घरपट्टी मात्र भरावीच लागली.

*

बरं, आमच्या मंडळीचे पंच तरी शहाणे असावेत! शेठनं निरोप धाडला, पट्टी सोडा, मंदिराला नवी बाजाची पेटी घेऊन देतो. बैठकीत दोघा पंचांनी गंभीरपणे विचारलं, पेटी कलकत्त्याची असेल का? जुनी पेटी त्यांच्याच डोक्यात घालावी असं मला वाटलं. पेटीवर गाऊन तहान भागते होय, असं मी ओरडलो तेव्हा कुठं विषय संपला.

*

कोर्टात आमचे पहिले साक्षीदार म्हणून म्हातारे योहानराव उभे राहिले. मंदिराचा कोपरान् कोपरा त्यांना पाठ. शिरस्तेदारानं शपथ घ्यायला सांगितली, तर म्हणाले, आमच्या धर्मात शपथ वाहायची मनाई आहे. जज्जसाहेब भले, म्हणाले, मग नुसती प्रतिज्ञा करा, कायद्याला चालतं. योहानरावांना प्रतिज्ञाही शपथेची बहीणच वाटली! साक्ष न देताच ते खाली उतरले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "मास्तर, मी खोटं बोललो नाही."

बोललातच कुठं, बाबा!

*

उरली एकटी राहेलबाई. आवारातलं सारवण तिच्याकडे असायचं. कापणीच्या सणाला आमचे लोक शेतातलं पहिलं पीक, भोपळे, कोंबड्या देवाला आणतात आणि मांडवात त्याचा लिलाव होतो. तो मांडव दरसाल पूर्वेकडच्या पट्टीत घालायचे. शेठच्या वकिलानं तिला दरडावून विचारलं, बारा वर्षं तिथं शेठची लाकडं पडलेली तू पाहिलीस ना?

"व्हय, पाहिली की."

वकीलसाहेब शेठकडं वळून हसले. मी कपाळाला हात लावला.

"पन सणाच्या आदी मला जागा सारवायची असायची," राहेलबाई पुढं बोलतच राहिली. "पाळकसायेबांचा निरोप गेला की ह्येच शेठ गडी लावून लाकडं उचलायचे. सण झाला की इचारून परत ठिवायचे." मग ती जज्जसाहेबांकडं वळली. "सायेब, सोताच्या जागेत लाकडं ठिवायला कुनी शेजाऱ्याला इचारतं का?"

जज्जसाहेबांनी टाक खाली ठेवला आणि शेठकडं पाहिलं. शेठ आपल्या वकिलाकडं पाहत होता. वकीलसाहेब कागद चाळत होते.