भावोजींचं कोरडं इंजिन

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका, तेलाच्या एका थेंबासाठी अख्खं घर वेठीला धरणारा माणूस, परशुरामाने समुद्र मागे सारला तेव्हापासून आमच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नसेल. मी त्यांना भावोजी म्हणायची. माणूस वाईट नव्हता हो. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर कधी हात उगारला नाही. तसं काही असतं तर भांडता तरी आलं असतं. तेलाशी कसं भांडायचं?

भावोजींचं घराणं मालवणचं, पिढ्यान्‌पिढ्या मचवेवाले, शिडाच्या होड्यांतून मालाची ने-आण करणारे. एसटी आणि लॉऱ्या आल्या तसा मचव्यांचा धंदा बसला. तेव्हा शेवटचा मचवा विकून त्यांनी मुंबईच्या कुणा डॉक्टरची जुनी काळी मोटार आणली. पहिल्या संध्याकाळी नारळ फुटला, ओवाळणं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडीखाली तेलाचा काळा डाग दिसला. झालं. भावोजी गाडीखाली जाऊन उताणे झाले, आणि त्यांच्याबरोबर माझ्या बहिणीचा संसारही उताणा झाला. पुढची कित्येक वर्षं मी त्यांचं तोंड कमी आणि गाडीखालून बाहेर आलेले पाय जास्त बघितले. पाहुणेसुद्धा पायांनाच नमस्कार करून ओटीवर चढायचे.

गळती शोधायची त्यांची एक रीत होती. सगळं इंजिन रॉकेलने धुवायचं, बहिणीच्या जुन्या लुगड्याने पुसायचं आणि मग त्यावर तांदळाचं पीठ भुरभुरायचं. गाडी चालू करून पीठ आधी कुठे ओलं होतं ते बघायचं. "त्याल दिसता खाली, पण येता वरसून," ते बोट नाचवत सांगायचे. "डाग बघून फसूचा नाय. मूळ शोधूचा." यात चूक काहीच नव्हती. पण पीठ घावण्यांचं असायचं, आणि इंजिनाची मागची बाजू बघायला आरसा लागायचा तो बहिणीच्या फणीपेटीतला. बहिणीला आम्ही सगळे बाय म्हणायचो. बाय कुंकू अंदाजाने लावायची. एकदा ते भुवईवर गेलेलं बघून मी विचारलं, "गो बाय, आरसो खंय तुझो?"

"इंजिनाक तोंड बघूचा होता," ती म्हणाली. "माझ्या तोंडाक कोण बघता?"

मूळ शोधायचं मोटारीच्या रीतीने, पण बुजवायचं मात्र मचव्याच्या. मचव्याच्या फळ्यांत फट दिसली की कापूस आणि राळ ठोकून ती बंद करायची, हे त्यांच्या रक्तातच होतं. भोक म्हणजे दुश्मन! इंजिनाच्या अंगातून एक वाकडी नळी खाली आली होती, तिच्या तोंडाशी कायम थोडा ओशटपणा असायचा. ती त्यांनी पहिल्याच वर्षी कापूस-राळेने अशी ठोकून बंद केली, की समुद्र उलटला तरी थेंब आत जाऊ नये. आणि त्यानंतर तेल नळी सोडून बाकी सगळीकडून यायला लागलं. इथे पुठ्ठा कापून घाल, तिथे बूच कापून घाल. आज ही बाजू कोरडी झाली की उद्या ती ओली.

याच दिवसांत आमच्या माहेरून, आरोंद्याहून, सांगावा आला. माझं सासर त्याच गावात, त्यामुळे सांगावा घेऊन मालवणला मीच गेले. आमच्या आवशीचे, म्हणजे आईचे, डोळे जात होते. यावर आता उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आवशीचं मागणं एवढंच, की दिसतंय तोवर थोरल्या चेडवाला एकदा डोळे भरून बघायचं. बाय तेव्हाच उठली आणि लुगडी बांधायला लागली.

गाडीखालचे पाय बोलले, "थांब. ह्यो एक थेंब बंद होवंदे, गाडीनच जावया."

"गाडी चलता मां?" मी म्हटलं. "मगे थेंबाक काय करूचा आसा?"

"आणि सासरवाडीच्या सारवलेल्या अंगणात त्याल सांडू? गाव सांगात, जावय इलो आणि अंगण काळा करून गेलो."

"तर मी एस्टीन जातंय," बाय म्हणाली.

"गाडीवाल्याची बायल एस्टीत? बंदरार तोंड दाखवूक जागा रवाची नाय माका!"

बाय थांबली. तो काळच तसा होता, नवऱ्याची इज्जत बायकोच्या पायात बांधलेली. पावसाळा गेला, शिमगा गेला. मी दर वेळी सांगावा आणायची, आणि दर वेळी एकच थेंब उरलेला असायचा.

मग एका सकाळी, आम्ही दोघी अंगणात कोकमं वाळत घालत असताना, भावोजींनी इंजिन जोरात फिरवलं, आणि बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. नळीतला बोळा सुटून थेट आमच्या कोकमांत येऊन पडला. नळीतून भसाभस धूर निघाला. भावोजी बोंबलले, मग वाकून बघत राहिले. इंजिनावरचं पीठ पांढरंच्या पांढरं राहिलं होतं. ती नळी इंजिनाच्या श्वासाची होती. श्वास कोंडला, म्हणून ते बिचारं मिळेल त्या सांध्यातून तेल ओकत होतं. इतकी वर्षं शोधलेली जवळजवळ प्रत्येक गळती त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली होती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं आरोंद्याला गेलो. अंगणात एक थेंब पडला नाही. आवशीने बायचा आवाज ऐकला आणि दोन्ही हात भलत्याच दिशेला पुढे केले. मग चाचपत बायच्या तोंडावरून हात फिरवला. "वाळलंस गो," म्हणाली. "दिसणा नाय, पण हाताक लागता."

भावोजी गाडीजवळच उभे राहिले. ओटीवर चढायची त्यांची हिंमत झाली नाही. मला दया आली नाही. खरं सांगते, आजही येत नाही.

त्यानंतर बाय कधीही त्या गाडीत बसली नाही. भांडलीही नाही. परतताना सरळ एसटीत चढली, आणि पुढे आवस होती तोवर दर महिन्याला एसटीनेच आरोंद्याला येत राहिली. आणि मागोमाग भावोजी, रिकामी गाडी घेऊन! एसटी थांबली की हे थांबणार, एसटी सुटली की हे सुटणार. बंदरावरच्यांनी यथेच्छ थट्टा केली. ज्या इज्जतीसाठी सगळं केलं, ती ते एसटीमागचा लाल धुरळा खात मुकाट्याने उधळत होते.

एकदा मी मालवणहून बायबरोबर परतत होते. सावंतवाडी सोडल्यावर ती समोर बघतच म्हणाली, "आसत मां मागे?"

"आसत."

"काच लावली हा?"

मी वळून बघितलं. धुरळ्यात गाडी जेमतेम दिसत होती, पण खिडकीबाहेर भावोजींचं कोपर होतं. "नाय," मी म्हटलं.

"आता खोकत बसतले," बाय म्हणाली, आणि ज्येष्ठमध आणलंय की नाही ते पिशवीत हात घालून चाचपू लागली.