बॅटरी उतरत होती

माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स, दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम होत्या. लिनक्सची जागा संपली, म्हणून एका दुपारी दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी हार्ड डिस्कवरचा विंडोजचा भाग लहान करायला घेतला. बाबा गेले त्याआधी त्यांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवलेल्या आठवणी त्याच भागात होत्या.

"कॉपी काढलीस ना?" आईने विचारलं.

"हो," मी खोटंच सांगितलं.

काम निम्म्यावर आलं आणि वीज गेली. जुनी बॅटरी भराभर उतरू लागली. मध्येच लॅपटॉप बंद पडला असता, तर सगळंच गेलं असतं. नऊ टक्के उरल्यावर मला राहवलं नाही.

"आई, कॉपी नाहीये."

ती शेजारी येऊन बसली. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत राहिलो. चार टक्क्यांवर काम पुरं झालं.

वीज आल्यावर पाहिलं, तर रेकॉर्डिंग शाबूत होतं. "ऐकवू?" मी विचारलं.

"आज नको," आई म्हणाली.