ओढ्यापलीकडचा धूर

आमच्या शाहूवाडीकडच्या डोंगरात अजून काळी वर्तुळं सापडतात. कुदळ मारली की कोळशाचा चुरा वर येतो. वडील तिथं भट्ट्या लावायचे. लाकडं रचायची, पाल्यानं झाकायची, वरून माती लिंपायची आणि आत मंद पेटवून द्यायची. धूर पांढरा तोवर लाकडात पाणी. निळा, पातळ झाला की कोळसा तयार. मग हवेसाठी ठेवलेली भोकं बुजवायची. शाळेत जाण्याआधीच मला धुराचं कळत होतं.

आता वाडीत माणसं दोनच. ओढ्याच्या अलीकडं मी, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. पलीकडं आबा, वडिलांचे भट्टीवरचे जोडीदार. मोबाईलला रेंज नाही. सकाळी आबांच्या छपरातून धूर निघाला की आबा उठले, एवढं मला पुरतं. मी कामाला लागते.

गेल्या महिन्यात एका सकाळी धूर निघालाच नाही. म्हशीची धार काढून पुन्हा पाहिलं. काही नाही. काठी घेतली आणि ओढ्यात उतरले. खांदा द्यायला माणसं कुठल्या गावातून आणायची, हेही वाटेतच ठरवून टाकलं.

आबा उंबऱ्यात बसून बशीतनं चहा पीत होते.

"का गं, धापा टाकत आलीस? म्हस सुटली व्हय?"

"धूर कुठाय?"

"पोरानं गॅस आणलाय की. काल जोडून गेला."

"मला वाटलं, गेलासा."

"म्हंजे रडाय आलीस? मग रड की जरा, तुझा च्या हुईस्तवर."

चहा पिऊन झाल्यावर मी म्हटलं, "गॅस असू दे. सकाळी चूल पेटवत जावा."

"कशापायी? डोळं चुरचुरत्यात."

"मला दिसाय पायजे."

आबांनी बशी खाली ठेवली. "तुझ्याकडं तर कवाचा गॅस हाय. मग तुझी चूल रोज कशाला पेटतीया?"

"अंघोळीच्या पाण्याला."

"व्हय की," म्हणाले, आणि हसले.

पाणीही मी गॅसवरच तापवते. चूल पेटवते ती त्यांना दिसावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पलीकडं धूर उठला. नुकत्या पेटवलेल्या भट्टीसारखा, पांढरा, दाट. लांबून दिसावा म्हणून ओला पाला घातला असणार. मी माझ्या चुलीत लाकूड सारलं आणि चहा गॅसवर ठेवला.

त्या दिवशी आम्ही एकमेकांना दिसलो नाही; धूर दिसला, तेवढं पुरलं.