सेक्टर दोनमधील चार रबरी बुश

होळीनंतरच्या सोमवारी मी माझी जुनी गाडी, गतिरोधकांवर कटकट वाजते म्हणून, पुढच्या सस्पेन्शनचे रबरी बुश बदलण्यासाठी पावर हाउस भागातल्या एका गॅरेजमध्ये दिली. शनिवारी ती परत मिळाली. अक्षय तृतीयेपूर्वीच तिची कटकट पुन्हा सुरू झाली. जबाबदार व्यक्ती तीन: बोल्ट आवळणारा मिस्त्री, काम न तपासता गाडी सोपवणारा मालक, आणि गाडीखाली न वाकता ती घरी आणणारा मी.

पावसाळाभर मालकाला लिहिलेली माझी तीन पत्रे अनुत्तरित राहिली. चौथे दिवाळीनंतर स्वतः नेऊन दिले, तेव्हा तो गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "काकाजी, आवाज गाड़ी में नहीं, आपके कान में है." सगळे हसले. कारखान्याच्या देखभाल विभागात नोकरीभर मी बेअरिंगचा दोष कानाने ओळखत आलो. त्या एका वाक्याने माझी साक्षच खोटी ठरवली गेली. म्हणून बुश सेक्टर दोनमधल्या घरीच, स्वतःच्या हाताने बदलायचे मी ठरवले.

कारखान्यात यंत्राखाली जाणारा माणूस, कोणी ते सुरू करू नये म्हणून, त्यावर लाल पाटी लावतो आणि ती काढण्याचा अधिकार फक्त त्यालाच असतो. मी स्टिअरिंगला तशीच पाटी बांधली आणि किल्ली पत्नीच्या स्वाधीन केली.

"घरात माणसं दोन," ती म्हणाली. "पाटी कोनासाठी लावून राहिले?"

"नियम माणसे मोजत नाही."

गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, टेकवली, स्प्रिंगचा ताण जॅकने हळूहळू उतरवला आणि दोन्ही चाकांना धरणारे खालचे आर्म सोडवले. लांब बोल्ट, पाइपचा तुकडा आणि दोन जाड वायसर लावून एकेक बुश ओढून काढला. चारही बुशांचे रबर पिळून फाटले होते. कारण स्पष्ट होते. गाडी उचललेली असताना चाके खाली लोंबतात. त्या स्थितीत बोल्ट आवळला, की रबर तिथेच जखडते, आणि गाडी जमिनीवर आल्यावर कायमचे पिळलेले राहते. मी चारही तुकडे डावे-उजवे अशा चिठ्ठ्या लावून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवले.

नवे बुश साबणाच्या पाण्याने बसवले. तेल रबराला मारक. बोल्ट नुसते अडकवून ठेवले. मग चाके चढवून, मोहन नगरच्या मेहुण्याने दिलेल्या रेल्वेच्या लाकडी स्लीपरच्या तुकड्यांवर टेकवली, म्हणजे भार चाकांवर राहील आणि मला खाली शिरताही येईल. पुढे-मागे ठोकळे लावले आणि पत्नीला पुढच्या सीटवर न हलता बसण्याची विनंती केली. ती मेथीची जुडी घेऊन बसली.

"मले वजन म्हणून बसवलं का?"

"साक्षीदार म्हणून."

"साक्षीदाराले कोणी हलू नको म्हणते का?"

तिची मेथी निवडून होईपर्यंत चारही बोल्ट आवळून झाले. पाटी मीच काढली. नंतर सेक्टरमधल्या प्रत्येक गतिरोधकावरून मुद्दाम गाडी नेली. कटकट नव्हती.

"मलेही नाही येऊन राहिला आवाज," पत्नी म्हणाली. "आता दोघायचेही कान गेले म्हणून सांगतील ते."

सांगोत. सेवानिवृत्तीच्या समारंभात हार घालून बसवले होते, तेव्हाही मी इतका ताठ बसलो नव्हतो.

म्हणून गॅरेजमालकाला हे पाचवे पत्र जाहीर आहे. फोनवरचा खुलासा मान्य होणार नाही. त्याने मिस्त्रीला शेजारी उभे करून, गिऱ्हाइकांच्या देखत उत्तर द्यावे: माझ्या गाडीचे बोल्ट आवळले तेव्हा तिची चाके टेकलेली होती, की लोंबत होती?